‘दासी’ या पदाचे दोन अर्थ : नामयाची जनी, जेजुरीची मुरळी आणि केडगावची ‘मुक्ति’

१

मराठी संतवाङ्मयात ‘दास’ आणि ‘दासी’ ही पदे इतकी रुळलेली आहेत की त्यांचा मूळ लौकिक अर्थ वाचकाच्या मनात क्वचितच जागा होतो. नवविधा भक्तीत दास्याची गणना झालेली असल्यामुळे हे पद आले की टीकाकार ‘अहंकाराचे विसर्जन’, ‘शरणागती’ अशा संज्ञांनी त्याचे विवरण करतो आणि पुढे जातो. हे विवरण खोटे आहे असे प्रस्तुत लेखात म्हणावयाचे नाही. ते अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणामुळे एक महत्त्वाचा भेद आपल्या टीकेच्या दृष्टीआड राहिला आहे, एवढेच येथे मांडावयाचे आहे. तो भेद म्हणजे स्वमुखाने उच्चारलेले दास्य आणि दुसऱ्याने लादलेले दास्य यांतील भेद होय.

हिंगोली जिल्ह्यातील कयाधू नदीकाठचे नरसी हे गाव परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांच्या जन्मस्थळाविषयी संशोधकांत मतभेद झालेले आहेत. त्या वादाचा निर्णय करणे हा येथील हेतू नाही. या गावाने संताचे नाव आपल्या नावापुढे जोडून घेतले आणि आज ते ‘नरसी नामदेव’ म्हणूनच ओळखले जाते. नामदेवांचे नाव अशाच रीतीने आणखी एका नावाशी कायमचे निगडित झालेले आहे. ते नाव जनीचे. गावाच्या बाबतीत ही जोड अभिमानाची खूण आहे. ‘नामयाची दासी जनी’ या मुद्रेत मात्र अभिमानाबरोबर एका घरातील चाकरीची नोंदही आहे. भक्तीच्या आणि लौकिकाच्या अशा दोन्ही अर्थांनी ‘दासी’ असलेली ही कवयित्री नामदेवांच्याच परिवारात निर्माण व्हावी, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

जनीच्या शेजारी या लेखात दोन भिन्न प्रकरणे ठेवावयाची आहेत. एक, देवाला वाहिलेल्या मुलीचे, म्हणजे मुरळीचे आणि जोगतिणीचे. दुसरे, अशा स्त्रियांच्या व मुलांच्या सुटकेचे कार्य हाती घेणाऱ्या ख्रिस्ती मिशनच्या वाङ्मयाचे. संतवाङ्मयाच्या अभ्यासात मिशनच्या लेखनाला सहसा स्थान मिळत नाही. फार तर गद्याच्या इतिहासात एखादे प्रकरण मिळते. परंतु देवाला वाहिलेली मुलगी ही उपमा नसून अन्न, निवारा आणि सुटका यांची गरज असलेली व्यक्ती आहे, ही जाणीव या लेखनाच्या मुळाशीच आहे. त्यामुळे ‘दासी’ या पदाची परीक्षा करताना ते बाजूला ठेवता येत नाही.

२

जनाबाईंच्या अभंगांविषयी लिहिताना पाठाची सावधगिरी प्रथम बाळगली पाहिजे. ‘नामयाची दासी जनी’, ‘दासी जनी’, ‘जनी म्हणे’ अशा निरनिराळ्या मुद्रांनी आलेली रचना एकाच हातची आहे असे निश्चयाने म्हणता येत नाही. नामदेवांच्या गाथ्यातही ‘विष्णुदास नामा’ या मुद्रेमुळे हाच प्रश्न उपस्थित होतो. तेव्हा येथे ‘जनाबाई’ हे नाव एका व्यक्तीचे म्हणून योजिले असले, तरी त्याच्या आधारे चरित्र सिद्ध करण्याचा प्रयत्न नाही. या नावाखाली स्थिरावलेल्या काव्यपरंपरेचा विचार आहे.

परंपरा सांगते की जनी मूळची गोदाकाठच्या गंगाखेडची. लहानपणीच ती पंढरपुरात नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आली आणि तेथेच तिचे आयुष्य गेले. आईबाप गेले, आता विठ्ठलाने सांभाळावे, अशी आळवणी तिच्या नावावरील अभंगात आहे. एक पोरकी मुलगी परक्या घरी कामाला राहिली, हा या काव्याचा लौकिक पाया आहे आणि जनाबाई तो कोठेही झाकून ठेवीत नाहीत. दळण, कांडण, झाडलोट, शेणी वेचणे, पाणी वाहणे, धुणे ही कामे त्यांच्या अभंगांतून वारंवार येतात. भक्तिकाव्यातील प्रतीके म्हणूनच त्यांचा अर्थ लावण्याची प्रथा आहे. परंतु प्रतीकाची निवड कवी आपल्या अनुभवातून करतो. ज्ञानेश्वर दृष्टान्त देतात तेव्हा त्यांच्यासमोर सारी सृष्टी असते; जनाबाईंच्या समोर जाते असते, उखळ असते.

या अभंगांत विठ्ठल जनीच्या कामाला हात लावतो ही कल्पना सर्वपरिचित आहे. तो दळू लागतो, शेणी वेचतो, तिची वेणीफणीही करतो. या कल्पनेचे विवरण ‘भक्तवत्सलता’ या एका शब्दात संपविले जाते. पण येथे घडते ते अधिक मूलगामी आहे. ज्या देवाची दासी म्हणवून घ्यावयाचे, तोच देव दासीच्या कामाचा वाटेकरी होतो. स्वामी आणि दासी यांच्यातील अंतर वाढविणारे दास्य निराळे आणि ते अंतर मोडून काढणारे दास्य निराळे. जनाबाईंचे दास्य दुसऱ्या प्रकारचे आहे.

याहून धीट असा त्यांचा एक अभंग आहे. त्यात जनी डोईवरचा पदर खांद्यावर आला तरी त्याची पर्वा न करता भरल्या बाजारात जाण्याची भाषा बोलते आणि समाज ज्या शब्दाने बाजारबसवीला हिणवतो तो शब्द देवाशी असलेल्या नात्यासाठी स्वतःवर घेते. या अभंगाचे सामर्थ्य त्यातील ‘मी’मध्ये आहे. तोच शब्द दुसऱ्या कोणी जनीला उद्देशून वापरला असता तर ती शिवी ठरली असती. तिने स्वतः उच्चारल्यामुळे तो लोकलज्जेतून सुटकेचा उद्गार झाला. एकाच शब्दाचे मोल वक्त्याच्या बदलाने कसे पालटते याचे याहून स्पष्ट उदाहरण जुन्या मराठी काव्यात सहजी सापडणार नाही.

याच संदर्भात कान्होपात्रेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मंगळवेढ्याच्या श्यामा नावाच्या गणिकेची ही मुलगी बेदरच्या बादशहाच्या बोलावण्यातून सुटण्यासाठी पंढरीच्या देवळात गेली आणि विठ्ठलाच्या पायाशी तिने देह ठेवला, अशी कथा आहे. कथेतील ऐतिहासिक अंश किती हा प्रश्न वेगळा. तिचा अर्थ मात्र निःसंदिग्ध आहे. देऊळ हे येथे आश्रयस्थान आहे आणि तेथे जाण्याचा निर्णय कान्होपात्रेचा आहे. मुरळीच्या बाबतीत हीच मांडणी उलटी होते. तिला देवळात नेले जाते, आणि नेणारे दुसरेच असतात.

३

खंडोबाला मुलगी वाहण्याची चाल महाराष्ट्रात जेजुरीच्या नावाशी विशेष जोडली गेली असली, तरी ती तेवढ्याच क्षेत्रापुरती कधीच नव्हती. खंडोबाची उपासना मराठवाड्यातही दृढ आहे. माळेगावची यात्रा सर्वश्रुत आहे आणि जागरणात वाघ्या-मुरळीचे गाणे हा लोकाचाराचा भाग आहे. मूल होत नाही म्हणून किंवा झालेले जगत नाही म्हणून आईबाप नवस करतात. नवस फळला की मूल देवाला देतात. मुलगा असल्यास तो वाघ्या, मुलगी असल्यास मुरळी. भंडारा उधळून मुलीचे देवाशी लग्न लागते आणि कवड्यांची माळ तिच्या गळ्यात पडते. मग दुसऱ्या पुरुषाशी तिचा विवाह होऊ शकत नाही. ती गाते, भिक्षा मागते आणि पुष्कळदा कोणाच्या तरी आश्रयाला जाते. दक्षिणेकडे कोल्हापूर-सांगलीपासून बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीपर्यंत यल्लम्माच्या जोगतिणींची स्थिती तपशिलाने वेगळी, पण तत्त्वतः हीच. या चालीत वाहिल्या गेलेल्या मुली मुख्यतः दलित आणि गरीब जातींतील होत्या. म्हणजे व्रत एकाचे, फळ दुसऱ्याला आणि भोग तिसरीच्या वाट्याला, अशी ही व्यवस्था आहे. बोली वयाची झालेली नसताना मुलीच्या वतीने ‘देवाची’ हा शब्द उच्चारला जातो. तिचे स्वतःचे वाक्य या विधीत कोठेही नाही.

संतांनी या चालीकडे कसे पाहिले? उत्तर दुहेरी आहे. एका बाजूला नवसाच्या कल्पनेवर त्यांनी प्रखर टीका केली. नवसाने मुले होत असतील तर पतीचे प्रयोजन काय, असा रोखठोक सवाल तुकारामांच्या नावावर प्रसिद्धच आहे. न बोलणाऱ्या पाषाणदेवाविषयीची टीका नामदेवांच्या नावावरील अभंगांतही आढळते. विसोबा खेचरांकडून नामदेवांना झालेल्या बोधाची कथा औंढ्या नागनाथाशी, म्हणजे नरसीच्या परिसराशीच जोडलेली आहे. देव नाही अशी जागाच नाही, हे त्या बोधाचे सार. हे सार मान्य केले तर विशिष्ट देवळातील विशिष्ट मूर्तीशी मुलीचे लग्न लावण्याला तात्त्विक आधार उरत नाही. नवसाचा आणि स्थानबद्ध देवाचा असे या चालीचे दोन्ही पाये संतविचाराने तत्त्वतः उखडले आहेत.

दुसऱ्या बाजूला संतवाङ्मयाने याच लोकाचारातून आपली रूपके घेतली. एकनाथांच्या भारुडांत वाघ्या आहे, जोगवा आहे. देवीच्या नावाने दारोदार मागणाऱ्या स्त्रीचे रूप घेऊन नाथांनी ज्ञानवैराग्याचा जोगवा मागितला आहे. रूपक म्हणून हे अप्रतिम आहे. अठरापगड जातींच्या सोंगांना त्यांनी आध्यात्मिक प्रतिष्ठा दिली आणि उपेक्षितांची भाषा वाङ्मयात आणली, हे नाथांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु रूपकाचा एक परिणाम असा होतो की मूळ वस्तू अर्थाच्या मागे जाते. जोगव्याचे तत्त्व ऐकून श्रोता धन्य होतो, आणि परडी हातात घेतलेली जोगतीण त्याच्या दारात तशीच उभी राहते. हा दोष नाथांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल; त्यांचे प्रयोजन निराळे होते. मात्र त्यांच्या भारुडांवर लिहिणाऱ्या आधुनिक टीकाकाराला ही सबब नाही. सोंगाचे अध्यात्म सांगून झाल्यावर ते सोंग ज्यांचे जगणे होते त्यांच्याविषयी त्याने मौन पाळावे, हे समर्थनीय नाही.

४

हे मौन मोडणाऱ्या लेखनापैकी एक महत्त्वाचा भाग ख्रिस्ती मिशनच्या कार्यातून आला. त्यात मराठी प्रदेशापुरते अग्रस्थान पंडिता रमाबाईंना दिले पाहिजे. रमाबाई (१८५८–१९२२) या विषयाकडे परक्या म्हणून आल्या नव्हत्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. तीर्थक्षेत्री पुराण सांगून जगणाऱ्या या कुटुंबाबरोबर रमाबाईंचे बालपण देवळांच्या आवारांत गेले. आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळातील उपासमारीने गेले. तीर्थस्थानांचे अर्थकारण आणि तेथील स्त्रीची अवस्था त्यांनी आतून पाहिली होती. पुढे १८९० नंतरच्या दशकात त्यांनी यात्रेकरू भिकारणीच्या वेषात वृंदावनाला जाऊन तेथील विधवांची स्थिती पाहिली. धर्माच्या नावाने आणलेल्या आणि धर्माच्याच नावाने लुबाडल्या जाणाऱ्या त्या स्त्रियांचे त्यांनी केलेले वर्णन हे रूपकाचे नव्हे, तपासाचे गद्य आहे.

रमाबाईंच्या धर्मांतराची कारणे अनेक अंगांनी चर्चिली गेली आहेत. त्यांपैकी एक आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. इंग्लंडमध्ये असताना लंडनच्या फुलम या भागात, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनींनी चालविलेले गृह त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांविषयी ही करुणा कोठून आली, असे विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. १९०७ मध्ये इंग्रजीतून प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी या प्रसंगाला मोठे महत्त्व दिले आहे. १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या कथेत टाकलेली स्त्री विहिरीवर बोलते, प्रश्न विचारते, वाद घालते, आणि तिच्याशी संवाद केला जातो. रमाबाईंना भावलेल्या करुणेच्या मुळाशी हा संवाद आहे, हे विसरता कामा नये.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले, पुढील वर्षी ते पुण्यास आले. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्यप्रांतातून सुमारे ३०० स्त्रिया व मुली आणल्या आणि १८९८ मध्ये केडगाव येथे ‘मुक्ति’ची स्थापना झाली. गुजराथेतील पुढच्या दुष्काळानंतर तेथील संख्या हजारावर गेली. दुष्काळात अनाथ मुली गोळा करणारे केवळ मिशनरीच नव्हते. कुंटणखान्यांचे दलालही होते, आणि रमाबाईंची धाव त्यांच्या आधी पोहोचण्यासाठी होती. फसविल्या गेलेल्या व वाममार्गाला लावल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ हे वेगळे गृह त्यांनी चालविले. शिक्षण, शेती, विणकाम, शिवण, छपाई असे उद्योग तेथे उभे राहिले. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर (पूर्ण प्रकाशन १९२४) याच छापखान्यात तेथील स्त्रियांच्या हातांनी जुळविले व छापले गेले. जेजुरी आणि केडगाव एकाच पुणे जिल्ह्यात आहेत. एका ठिकाणी मुलगी देवाला वाहिली जात होती; दुसऱ्या ठिकाणी निराधार मुलीच्या हाती खिळे आणि चरितार्थाचे साधन दिले जात होते. संस्थेला रमाबाईंनी दिलेले ‘मुक्ति’ हे नाव मोक्षशास्त्रातील. पण त्यात त्यांनी भरलेला आशय अगदी ऐहिक होता. हा अर्थविस्तार मराठी भाषेच्या इतिहासातही नोंदण्यासारखा आहे.

याच काळात मुरळी व देवदासी यांच्याविषयी मिशनच्या वर्तुळातून लेखन होऊ लागले. मिसेस मार्कस फुलर यांचा भारतीय स्त्रियांच्या दुःस्थितीवरील इंग्रजी ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला रमाबाईंची प्रस्तावना आहे आणि मुरळी व देवदासी यांचाही त्यात विचार केलेला आहे. दक्षिणेत तिरुनेलवेली भागात मार्च १९०१ मध्ये एक लहान मुलगी देवळाच्या चाकरीसाठी ठेवलेल्या घरातून निसटून एमी कारमायकेल यांच्याकडे आली. त्यातून डोहनावूर येथील कार्य उभे राहिले. कारमायकेल १९५१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिल्या. या लेखनाचे वैशिष्ट्य असे की ते देवदासीप्रथेची तात्त्विक मीमांसा करीत बसत नाही. मुलगी कोणत्या वयात दिली जाते, तिला कोण आणते, कायदा कोठे अडखळतो, सुटल्यावर ती जाणार कोठे, हे प्रश्न ते विचारते. १८६० च्या दंडसंहितेतील ३७२ व ३७३ ही कलमे अल्पवयीन मुलींची वेश्याव्यवसायासाठी देवघेव करण्यास शिक्षा सांगत होती. पण जेथे देवघेवीला लग्नविधीचे रूप दिलेले असे, तेथे हेतू सिद्ध करणे कठीण होते. विधीच्या पवित्र भाषेआड दडलेला व्यवहार उघड करणे हे या लेखनाचे खरे कार्य होय, आणि ते त्याने केले.

५

एवढे मान्य केल्यावर या लेखनाची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगणे टीकाकाराचे कर्तव्य आहे. मिशनच्या वृत्तान्तांत सुटका झालेली मुलगी जवळजवळ नेहमीच तृतीय पुरुषात येते. ती काय होती, तिला कसे वाचविले, ती आता कशी आनंदी आहे, हे दुसरे कोणी सांगते. हे वृत्तान्त देणगीदारांसाठी लिहिलेले असत. त्यामुळे अंधाराकडून प्रकाशाकडे जाणारी एकच घडण प्रत्येक आयुष्याला मिळते. त्या घडणीत न बसणारा अंश गळून पडतो. मागे राहिलेल्या आईची आठवण, जागरणातील गाण्याविषयीची ओढ, नव्या शिस्तीविषयीची कुरकुर यांना तेथे जागा नाही. विधीने मुलीच्या वतीने ‘देवाची’ हा शब्द उच्चारला. वृत्तान्ताने तिच्या वतीने ‘मुक्त’ हा शब्द उच्चारला. दोन्हींतील हेतूंमध्ये आणि परिणामांमध्ये जमीनअस्मानाचे अंतर आहे. परंतु मुलीचे वाक्य दोन्ही ठिकाणी गैरहजर आहे, हे सत्य त्या अंतराने पुसले जात नाही.

शारदा सदनाविषयीचा वाद या दृष्टीने पुन्हा वाचावा लागतो. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून गदारोळ उठला आणि १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. ‘केसरी’ची टीका कडवट होती. एका देवाला वाहण्यातून सोडवून दुसऱ्या देवाला वाहिले, असा या आक्षेपाचा आशय सांगता येईल. आक्षेप सर्वस्वी पोकळ नव्हता. आश्रिताची संमती ही कितपत संमती असते, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. पण आक्षेपकांची बाजूही याच कसोटीवर दुबळी ठरते. सदनातील विधवांच्या श्रद्धेची चिंता वाहणाऱ्या त्या वादात विधवांचे स्वतःचे म्हणणे फारसे कोणी विचारले नाही. आणि मुरळ्यांचे ‘लग्न’ ज्या धर्माच्या नावाने लागत होते, त्याच्या रक्षणकर्त्यांनी तेवढाच आवाज त्या लग्नाविरुद्ध उठविला असता तर त्यांच्या टीकेला नैतिक वजन आले असते.

ख्रिस्ती शास्त्राच्या भाषेतही ‘दासी’ हे पद आहे, हे येथे नोंदविले पाहिजे. लूकच्या शुभवर्तमानात मरिया स्वतःला प्रभूची दासी म्हणवते. पौल स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवून घेतो. मराठी ख्रिस्ती काव्यात, विशेषतः नारायण वामन टिळकांच्या अभंगांत, संतांची दास्याची भाषा आणि बायबलची दास्याची भाषा एकमेकींत सहज मिसळून गेल्या. म्हणजे दास्याचे रूपक हे कोणा एका धर्माचे व्यंग नव्हे. मरिया हे पद स्वतः उच्चारते, जनी स्वतः उच्चारते. म्हणूनच ते दोन्ही ठिकाणी उदात्त आहे. रूपक दोन्ही परंपरांत समान असल्यामुळे निवाडा परंपरांचा न करता उच्चाराचा करावा लागतो.

मिशनच्या मुद्रणालयांना हा ‘मी’ छापता येत नव्हता असेही नाही. जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता या मांग मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्रानेच प्रसिद्ध केला होता. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही तर मराठी आत्मचरित्राची मानदंड ठरली. स्वतःचा संसार, स्वतःचे धर्मांतर, स्वतःची फजिती या साऱ्यांकडे लक्ष्मीबाई ज्या मिस्किलीने पाहतात, तीत प्रचारवृत्तान्ताची एकसुरी घडण केव्हाच मोडून पडते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या श्रेष्ठत्वाचे गमक येथे आहे. सुटका झालेल्या सामान्य मुलीपर्यंत हे लेखणीचे स्वातंत्र्य पोहोचले नाही, ही त्याची उणीव.

६

ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न इतरत्र झाला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये सुरू केलेल्या ‘सोमवंशीय मित्र’ या मासिकात मुरळीच्या चालीविरुद्ध सातत्याने लिहिले जाई. त्यात शिवूबाई या मुरळीने लिहिलेले पत्र प्रसिद्ध झाले आणि पुढे कांबळे यांच्या पुढाकाराने तिचा विवाहही झाला. देवाशी लागलेले लग्न बंधनकारक नाही, हे एका मुरळीने स्वतःच्या कृतीने जाहीर केले. विठ्ठल रामजी शिंदे यांनीही या चालीविरुद्ध लेखन व प्रचार केला. जून १९३६ मध्ये मुंबईत डॉ. आंबेडकरांनी वाघ्ये, मुरळ्या, जोगतिणी व देवदासी यांच्या सभेत त्यांनाच उद्देशून भाषण केले आणि हे जिणे सोडून देण्याचे आवाहन केले. त्यांच्याविषयी बोलणे आणि त्यांच्याशी बोलणे यांतील फरक या प्रसंगात दिसतो.

कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. मुंबई इलाख्यात १९३४ च्या कायद्याने देवदासी म्हणून समर्पण बेकायदेशीर ठरविले आणि समर्पित स्त्रीचा विवाह वैध मानला. त्या वेळी नरसीसह सारा मराठवाडा हैदराबाद संस्थानात असल्याने या कायद्याच्या कक्षेबाहेर होता. कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये नवे कायदे केले. सत्तर वर्षांनंतर पुन्हा कायदा करावा लागला, यावरून पहिल्या कायद्याची परिणामकारकता काय होती हे उघड होते. मधल्या काळात राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि उत्तम बंडू तुपे यांच्या ‘झुलवा’ या कादंबऱ्यांनी जोगतिणीचे जग मराठी कादंबरीत आणले. या कादंबऱ्यांत तिची बोली आहे, तिचा संताप आहे. एकनाथांच्या जोगव्यापासून या कादंबऱ्यांपर्यंतचा प्रवास हा रूपकाकडून वस्तूकडे झालेला प्रवास होय. मात्र येथेही लेखणी दुसऱ्याच्याच हातात आहे.

७

या विवेचनातून ‘दासी’ या पदाच्या समीक्षेसाठी तीन कसोट्या निष्पन्न होतात. पहिली, हे पद कोण उच्चारतो? दुसरी, या दास्यात स्वामी आणि दासी यांतील अंतर कमी होते की वाढते? तिसरी, त्यातून बाहेर पडण्याची वाट उच्चारणाऱ्याला मोकळी आहे का? पहिल्या दोन कसोट्यांवर जनाबाईंचे काव्य निर्विवादपणे उतरते. तिसरीवर मात्र आपल्याला थांबावे लागते. देवाच्या दास्यात जनी स्वतंत्र होती. दामाशेटींच्या घरच्या चाकरीतून बाहेर पडण्याची वाट तिला होती असे परंपरा सांगत नाही. तिच्या अभंगांतील अलौकिक सुटकेचा गौरव करताना ही लौकिक न-सुटका नजरेआड करणे म्हणजे तिच्या काव्याचा अर्धाच अर्थ स्वीकारणे होय. मुरळीची प्रथा तिन्ही कसोट्यांवर अपयशी ठरते. म्हणून तिला भक्तीचा प्रकार मानणे ही वर्गीकरणाची चूक आहे. मिशनच्या कार्याचे श्रेष्ठत्व तिसऱ्या कसोटीवर सिद्ध होते आणि त्याच्या वृत्तान्तांचा दोष पहिलीवर.

या दृष्टीने पुढील अभ्यासाला दोन दिशा सुचतात. संतगाथांचे संपादन करताना श्रमाचे आणि चाकरीचे शब्द पारमार्थिक कोशात बंदिस्त न करता त्यांचा सामाजिक अर्थही टिपांत नोंदविला जावा. आणि मराठवाड्यातील जागरणाच्या गाण्यांचा संग्रह करताना गाणे कोणत्या देवाचे याबरोबरच गाणारीचे स्वतःचे म्हणणेही तिच्या शब्दांत, तिच्या संमतीने लिहून घेतले जावे. नरसीपासून माळेगावपर्यंतच्या टापूत हे काम करण्यास विद्यार्थ्यांना मोठा वाव आहे. नामदेवांच्या परंपरेने एका चाकरीच्या मुलीचा ‘मी’ सात शतके जपून ठेवला. तोच मान जिवंत मुरळीच्या शब्दाला मिळाला, तर त्या परंपरेचा अभ्यास तिच्याशी खऱ्या अर्थाने प्रामाणिक राहिला असे म्हणता येईल.